स्कूबा डायव्हिंगला जाताय? मालवण-तारकर्लीच्या सहलीआधी तब्येतीचे नियोजन

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. “डॉक्टर, मालवणला स्कूबा करायचा बेत आहे. बीपीची गोळी चालू आहे, पण चालेल ना?” बहुतेक वेळा हा प्रश्न बुकिंग झाल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी विचारला जातो. अनेक जण तर तो विचारतच नाहीत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली आणि देवबाग या परिसरात दरवर्षी असंख्य पर्यटक आयुष्यात पहिल्यांदा समुद्राखाली उतरतात. बहुतेकांचा अनुभव आनंदाचाच असतो. मात्र पाण्याखाली शरीरावर येणारा ताण जमिनीवरच्या कोणत्याही व्यायामापेक्षा वेगळा असतो. म्हणून पाण्यात उतरायचे की नाही, हा निर्णय होडीत बसल्यावर नव्हे, तर घरी, आगाऊ पैसे भरण्याआधी घ्यायला हवा. त्यासाठी लागणारी माहिती या लेखात दिली आहे.

ट्राय डाइव्ह म्हणजे काय?

प्रशिक्षण न घेता, प्रशिक्षकाच्या सोबतीने केलेल्या पहिल्या डुबकीला ‘ट्राय डाइव्ह’ म्हणतात. मालवणला बहुतेक पर्यटक हीच करतात. थोडा वेळ सूचना दिल्या जातात, तोंडातील नळीने श्वास घेण्याचा सराव होतो आणि मग प्रशिक्षक तुम्हाला धरून काही मीटर खोल नेतो. पाण्याखालचा वेळ साधारण १५ ते २० मिनिटांचा असतो.

“खोली कमी आहे, प्रशिक्षक सोबत आहे, मग धोका कसला?” असे अनेकांना वाटते. पण पाण्याच्या दाबातला सर्वात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. पृष्ठभागावर असतो त्याच्या दुप्पट दाब १० मीटर खोलीवर असतो. फुग्यात हवा भरून तो १० मीटर खाली नेला, तर त्याचा आकार निम्मा होईल. तोच फुगा तिथे पूर्ण भरून वर आणला, तर तो दुप्पट फुगेल किंवा फुटेल. आपल्या शरीरातही हवेच्या अशा जागा आहेत.

पाण्याखाली शरीरात काय होते?

*कान आणि सायनस:* खाली जाताना कानाच्या पडद्यामागची हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नाकाच्या मागून कानाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून नवी हवा आत गेली की दाब समान होतो. सर्दीमुळे ही नळी बंद असेल तर कान ठणकतो, पडद्याला इजा होते, क्वचित पडदा फाटतो. स्कूबामध्ये सर्वाधिक आढळणारी इजा हीच.

*फुप्फुसे:* तोंडातील नळीतून येणारी हवा त्या खोलीच्या दाबाची असते. ती छातीत कोंडून, श्वास रोखून वर आलात तर हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. छाती भरून श्वास घेतलेला असेल तर एक-दीड मीटर वर येणेही यासाठी पुरेसे ठरू शकते. फुप्फुसातून रक्तात शिरलेला हवेचा बुडबुडा मेंदूपर्यंत पोहोचला तर शुद्ध हरपणे किंवा पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात.

*हृदय:* पाण्यात शिरल्यावर हातापायांतले रक्त छातीकडे सरकते. त्यामुळे हृदयावरचा भार वाढतो. त्यात लाटा, घाबरणे आणि होडीची शिडी चढण्याचे श्रम यांची भर पडते.

*नायट्रोजन:* दाबाखाली श्वास घेताना रक्तात जास्त नायट्रोजन विरघळतो. झपाट्याने वर आलात किंवा डुबकीनंतर लगेच उंच ठिकाणी गेलात, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. याला डिकंप्रेशन सिकनेस म्हणतात. एका उथळ ट्राय डाइव्हनंतर हा धोका फार कमी असतो. दिवसातून अनेक डुबक्या किंवा जास्त खोली असेल तर तो वाढतो.

कोणी पाण्याखाली उतरू नये?

पुढीलपैकी काहीही लागू असेल तर स्कूबाचा बेत रद्द करा:

- गरोदर असाल किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल.
- अपस्मार असेल, म्हणजे फिट येत असतील किंवा त्यासाठी औषध चालू असेल.
- पूर्वी आपोआप फुप्फुसाभोवती हवा साचून फुप्फुस मिटले असेल (न्यूमोथोरॅक्स).
- कानाच्या पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा कानात ग्रोमेट बसवले असेल.
- छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे किंवा चक्कर येऊन पडणे असा त्रास चालू असेल.
- त्या दिवशी सर्दी, ताप, खोकला किंवा सायनसचा त्रास असेल.
- दारू घेतली असेल किंवा आदल्या रात्रीची उतरली नसेल.

मुलांसाठी बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्था किमान वय १० वर्षे मानतात. मात्र वय भरले म्हणजे मूल तयार झाले असे नाही. दिलेली सूचना घाबरल्यावरही पाळता येईल, एवढी समज त्याच्यात हवी.

कोणी आधी डॉक्टरांना भेटावे?

*दमा:* बोचरी थंडी, व्यायाम किंवा भीती यांमुळे दमा उसळत असेल तर स्कूबा टाळा. दमा पूर्ण आटोक्यात असेल तर श्वसनविकारतज्ज्ञ फुप्फुसांची तपासणी करून सल्ला देतील. धाप लागली म्हणून गेल्या ४८ तासांत आराम देणारा पंप घ्यावा लागला असेल, तर त्या दिवशी उतरू नका. “उतरण्याआधी दोन पफ मारतो” हा उपाय नाही.

*मधुमेह:* खरी भीती असते ती पाण्याखाली साखर अचानक कमी होण्याची. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका असतो. घाम, थरथर ही लक्षणे पाण्यात कळत नाहीत, आणि गोंधळल्यासारखे झाले तर सोबत्याला ते भीतीच वाटते. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरी उतरण्याआधी साखर किमान १५० मिलिग्रॅम हवी आणि ती घसरत असता कामा नये. ३०० च्या वर असेल तरीही थांबा. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज होडीत सोबत ठेवा.

*रक्तदाब आणि हृदयविकार:* बीपी नियमित गोळीने आटोक्यात असेल तर बहुतेकांना परवानगी मिळू शकते. पण गोळी कोणती हे महत्त्वाचे आहे. मेटोप्रोलोल, अटेनोलोल अशा गटातल्या गोळ्या श्रम करताना हृदयाची गती वाढू देत नाहीत, त्यामुळे दमछाक लवकर होते. गोळी मनाने बंद मात्र करू नका. अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नये. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान, बीपी, कोलेस्टेरॉल किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी त्रास नसला तरी आधी तपासणी करून घ्यावी.

*फुप्फुसाचे जुने आजार:* टीबी पूर्ण बरा झाला तरी फुप्फुसात व्रण किंवा पोकळी राहू शकते. तिथे हवा अडकली तर वर येताना इजा होते. छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन पाहूनच निर्णय घ्यावा.

*कानाचे ऑपरेशन:* पडदा बसवणे, मॅस्टॉइड किंवा स्टेपीजचे ऑपरेशन झाले असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

*घबराटीचे झटके:* लिफ्टमध्ये किंवा एमआरआयच्या मशिनमध्ये जीव गुदमरतो असे होत असेल तर ते आधी सांगा. पाण्याखाली घाबरलेला माणूस वर धाव घेतो आणि बहुधा श्वास रोखूनच वर येतो.

फॉर्ममधला ‘नाही’

उतरण्याआधी एक आरोग्यपत्रक भरून घ्यायचे असते. त्यात दमा, हृदय, कान, मधुमेह, ऑपरेशन, औषधे यांविषयी प्रश्न असतात. किनाऱ्यावर गडबडीत सगळीकडे ‘नाही’ लिहून सही केली जाते.

समजा, ५२ वर्षांचे एक गृहस्थ कुटुंबासह आले आहेत. मुलाने सगळ्यांचे पैसे भरले आहेत. चढताना धाप लागते हे त्यांना माहीत आहे, पण होडी सुटायला आली आहे आणि नातवंडे हात ओढत आहेत. अशा वेळी ‘हो’ लिहिणे फार अवघड जाते. प्रशिक्षकाला त्यांचा आजार बाहेरून दिसत नाही. तो फक्त कागदावर विश्वास ठेवू शकतो.

म्हणून बुकिंग करतानाच हे पत्रक मागवून घ्या आणि घरी बसून भरा. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर ते घेऊन डॉक्टरांकडे जा. तपासण्या लागल्या तर वेळ हवा, म्हणून निघण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी जा. घरातल्यांनीही एक करावे: आई-वडिलांना न विचारता त्यांचे स्कूबाचे पैसे भरू नका, आणि ऐनवेळी कोणी “मी येत नाही” म्हणाले तर आग्रह करू नका.

सहलीचा आराखडा

*ऋतू:* पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि स्कूबा बंद असते. साधारण ऑक्टोबर ते मे हा हंगाम असतो. अवकाळी पाऊस झाला असेल किंवा वारा सुटला असेल तर एक दिवस हातात राखून ठेवा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्यामुळे पावसानंतर आसपासचे पाणी गढूळ असू शकते. प्रशिक्षक “आज नको” म्हणाला तर तो तुमच्या भल्याचेच सांगतो आहे.

*कोणता दिवस?* रात्रभर प्रवास करून सकाळी थेट होडीत बसू नका. जागरण, कमी पाणी पिणे आणि थकवा यांमुळे उलटी आणि घबराट दोन्ही वाढतात. पहिला दिवस विश्रांतीचा, दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा आणि तिसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहून परतीचा प्रवास, असा बेत बहुतेकांना सोयीचा पडतो.

*विमान आणि घाट:* एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डुबक्या किंवा सलग दिवस डुबक्या केल्यास किमान १८ तास विमानात बसू नये. चिपी किंवा मोपा विमानतळावरून परतणाऱ्यांनी तिकीट काढतानाच हे लक्षात घ्यावे. कारने परतणारे मात्र घाट विसरतात. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटर उंचीवर आहे. कोल्हापूर, बेळगाव किंवा पुण्याकडे जाताना सह्याद्री चढावाच लागतो. शरीराच्या दृष्टीने हा चढही हवेचा दाब कमी करणाराच आहे, म्हणून तिथेही तेवढेच थांबणे शहाणपणाचे. कोकण रेल्वेने मुंबईकडे जाणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही.

स्कूबा सेंटर निवडताना हे विचारा

- प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आहे?
- पाण्याखाली एका पर्यटकामागे एक प्रशिक्षक असतो का?
- होडीत ऑक्सिजनचा सिलिंडर आणि तो देता येणारी व्यक्ती आहे का?
- प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळते का?
- काही झाले तर रुग्णाला कुठे नेतात? दाबाच्या कक्षातील उपचारांची (हायपरबॅरिक चेंबर) सोय कुठे आहे हे त्यांना माहीत आहे का?
- तब्येतीमुळे ऐनवेळी रद्द केले तर पैसे परत मिळतात का?

शेवटचा प्रश्न पैशांचा वाटला तरी तो आरोग्याचाच आहे. पैसे बुडणार नाहीत हे माहीत असले की माणूस खरे सांगतो.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

- रात्री पूर्ण झोप घ्या. दारू टाळा.
- सकाळी हलका नाश्ता करा. उपाशीही जाऊ नका आणि तुडुंब जेवूनही नको. माशांची थाळी आणि सोलकढी परत आल्यावर.
- नेहमीची औषधे वेळेवर घ्या.
- बोट लागत असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि ती आधी एकदा घरी घेऊन पाहा. काही गोळ्यांनी गुंगी येते.
- नाक बंद आहे म्हणून नाकात थेंब टाकून उतरू नका. औषधाचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना कानात हवा अडकते.
- काढता येणारी कवळी काढून ठेवा. दाट मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी शिरू शकते, हे प्रशिक्षकाला आधी सांगा.
- सगळ्या अंगाला थंडी वाजते आहे, छातीत धडधडते आहे, मन तयार नाही, असे वाटले तर थांबा.

पाण्यात असताना चार गोष्टी

१. *श्वास कधीही रोखू नका.* संथपणे आत, संथपणे बाहेर. बाकी सगळे विसरलात तरी एवढे विसरू नका.

२. *कान दुखायच्या आधी मोकळे करा.* मास्कवरून नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकला किंवा आवंढा गिळा. पाण्यात शिरताच सुरुवात करा आणि दर अर्ध्या मीटरला पुन्हा करा. जोर लावू नका. कान मोकळा झाला नाही तर खाली जाऊ नका. प्रशिक्षकाला खूण करून थोडे वर या.

३. *खुणा नीट शिकून घ्या.* अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे “ठीक आहे”. वर केलेला अंगठा म्हणजे “वर चला”. फोटोसाठी आनंदाने अंगठा दाखवणारे पर्यटक प्रशिक्षकाला गोंधळात टाकतात. काही बिघडले असेल तर पंजा आडवा धरून हलवा आणि मग त्रास असलेल्या जागेकडे, उदाहरणार्थ कानाकडे, बोट दाखवा.

४. *हळू वर या.* घाबरलात तरी प्रशिक्षकाला सोडून वर धावू नका.

खडकांना आणि प्रवाळांना हात लावू नका. खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात आणि त्यांचे काटे कातडीत मोडतात. शिवाय मालवणचा हा किनारी भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

वर आल्यावर त्रास झाला तर

पुढील लक्षणे दिसली तर तातडीने मदत घ्या. हवेच्या बुडबुड्याची गंभीर लक्षणे बहुधा पाण्यातून वर येताच किंवा पहिल्या १० मिनिटांत दिसतात. डिकंप्रेशन सिकनेसची लक्षणे बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत सुरू होतात.

- शुद्ध हरपणे, फिट येणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे
- छातीत दुखणे, धाप लागणे, खोकल्यातून फेस किंवा रक्त येणे
- सांध्यांत खोलवर दुखणे, मुंग्या, बधिरपणा, लघवी न होणे
- गरगरणे, अचानक कमी ऐकू येणे, कानात आवाज

रुग्णाला सपाट झोपवा. श्वास बंद असेल तर लगेच सीपीआर सुरू करा. ऑक्सिजन असेल तर तो मास्कने पूर्ण प्रवाहात द्या. १०८ ला फोन करा. रुग्ण पूर्ण शुद्धीत असेल तरच थोडे थोडे पाणी द्या. डुबकीची खोली, वेळ आणि लक्षणे कधी सुरू झाली हे कागदावर लिहून सोबत द्या. वेदनाशामक गोळी देऊन “झोपला की बरे वाटेल” म्हणत वाट पाहू नका. ऑक्सिजनने बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. परगावी पोहोचल्यावर त्रास सुरू झाला, तर दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा हे सांगा की आपण स्कूबा केले होते. डॉक्टरांना ते आपोआप कळणार नाही.

नुसता कानाला दडा बसला असेल तर पुन्हा डुबकी मारू नका आणि मनाने थेंब घालू नका. एक-दोन दिवसांत कान मोकळा झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गरगरणे किंवा कमी ऐकू येणे असेल तर त्याच दिवशी दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पोहता येत नाही, तरी चालेल का?*
प्रशिक्षकाने धरून केलेल्या उथळ ट्राय डाइव्हसाठी पोहणे सहसा आवश्यक मानले जात नाही. पण पाण्याची भीती असेल तर आधी तलावात मास्क लावून सराव करा. प्रशिक्षणाचा पूर्ण कोर्स करायचा असेल तर पोहता यायलाच हवे.

*चष्मा आहे, काय करू?*
मास्कमध्ये चष्मा बसत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मात्र पाण्याखाली मास्कमध्ये पाणी शिरले तर डोळे मिटून घ्या.

*मासिक पाळीत चालेल का?*
हो. बरे वाटत असेल तर अडचण नाही.

*डॉक्टरांनी स्कूबाला नाही म्हटले. स्नॉर्कलिंग करू का?*
स्नॉर्कलिंगमध्ये आपण पृष्ठभागावर राहून साधीच हवा घेतो, त्यामुळे फुप्फुसात दाबाची हवा कोंडण्याचा धोका नसतो. पण हृदयविकार, फिट किंवा वाढलेला दमा असेल तर पाण्यातले श्रमही धोक्याचेच. त्याचीही परवानगी वेगळी विचारा.

थोडक्यात

आरोग्यपत्रक घरी भरा, खरे भरा आणि शंका असेल तर तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. सर्दी असेल तर उतरू नका. पाण्यात श्वास रोखू नका. डुबकीनंतर विमान आणि घाट यांच्याआधी पुरेसा वेळ द्या. आणि कुटुंबातल्या एखाद्याला किनाऱ्यावर थांबावे लागले तर त्याला एकटे सोडू नका. कोणीतरी सोबत बसा. मग पुढच्या वेळी ‘नाही’ म्हणणे त्याला सोपे जाईल.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजाराबद्दलचा निर्णय तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.